दहा बाय बाराच्या शेडमध्ये पात्यांची भट्टी : सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कराडजवळच्या गावात घरामागे दहा बाय बारा फुटांची पत्र्याची शेड रिकामी आहे. नोकरी सांभाळून संध्याकाळी आणि रविवारी काम करायचं आहे. ऊसतोडीचे कोयते आणि स्वयंपाकघरातल्या सुऱ्या घडवायच्या आहेत. भट्टी गॅसची करावी की कोळशाची, ऐरण कुठून आणावी, आणि बेल्ट ग्राइंडर (खरखरीत पट्टा फिरवून पातं घासणारं यंत्र) आधी घ्यावा की नंतर?

तिन्हींची उत्तरं आधी देतो. भट्टी गॅसची करा. ऐरण विकत घेण्यापेक्षा पोलादाचा भरीव तुकडा उभा करा. ग्राइंडर सगळ्यात शेवटी घ्या. कोल्हापूर भागात मी बरीच वर्षं पाती घडवतोय आणि नव्या माणसांच्या शेडही बघतो. बहुतेकांचे पैसे यंत्रांवर संपलेले असतात. पातं मात्र बिघडतं ते पाणी देताना, म्हणजे लाल तापवून तेलात बुडवून कडक करताना, आणि तेही पोलाद किती तापलं हे नीट न कळल्यामुळे. म्हणून शेडची मांडणी, उजेड, भट्टी, तेल हे सगळं त्या एका कामाभोवती रचा. बाकीचं सामान जमेल तसं येत राहील.

आधी जागा. शेडचे मनातल्या मनात दोन भाग करा. एका टोकाला आग, दुसऱ्या टोकाला घासकाम. आगीच्या भागात सिमेंटचा कोबा नको. लाल झालेला तुकडा खाली पडला की कोब्यात अडकलेल्या ओलाव्याची वाफ होते आणि त्याची कपची उडते. शहाबादी फरशीचंही तेच. तिथे चोपलेला मुरूम सगळ्यात उत्तम. दिवसभर उभं राहिलं तरी पायांना तो सोसतो आणि वर्षाकाठी चार पाट्या नवा मुरूम टाकून चोपला की झालं. घासकामाच्या बाजूला कोबा चालेल, तो झाडायला बरा पडतो.

उजेडाचं गणित बहुतेक जण उलटं करतात. छपरावर चार पारदर्शक पत्रे टाकतात आणि सगळी शेड उजळून टाकतात. घासायला उजेड हवाच, पण भट्टीपाशी सावली हवी. तोच ८०० अंशांवरचा तुकडा अंधारात झगझगीत केशरी दिसतो आणि उन्हात मळकट लाल. तुमच्या डोळ्यांना रंगाची सवय लागायची तर भट्टीपाशी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी उजेड साधारण सारखाच मंद राहिला पाहिजे. म्हणून पारदर्शक पत्रा फक्त ग्राइंडरच्या डोक्यावर टाका. भट्टीची भिंत आतून काळपट रंगवली तरी चालेल.

वाऱ्याचं मात्र दोन्ही टोकांना बघा. छपराखाली चारी बाजूंनी फूटभर फट ठेवा. आणि खाली, जमिनीलगत, समोरासमोरच्या भिंतींना जाळीच्या खिडक्या काढा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर वर जात नाही, जमिनीवर पसरून कोपऱ्यात साचून राहतो आणि ठिणगीची वाट बघतो. वरची फट धुरासाठी आणि कार्बन मोनॉक्साइडसाठी. त्या वायूला वास नाही, रंग नाही. गॅसभट्टी जळताना स्वच्छ दिसते, तरी तीही तो सोडते. डोकं जड झालं, मळमळलं की ताबडतोब भट्टी बंद करून मोकळ्यावर या. थंडीत दार लावून काम करायचा मोह होतो, तो टाळा.

तुमच्या भागात आणखी एक गोष्ट असते. घराभोवती पाचट, वैरण, कडब्याची गंजी. शेडच्या आसपास यातलं काही ठेवू नका. दाराशी वाळूच्या दोन बादल्या आणि पावडरचं अग्निशामक असू द्या.

आता भट्टी. कोळशाला माझा विरोध नाही. आपल्याकडचे लोहार बाभळीच्या कोळशावर पिढ्यान्‌पिढ्या उत्तम काम करत आले आहेत आणि लाकडी कोळशाची आग पोलादाला मानवते. पण कोळशात तापमान जागोजागी वेगळं असतं. भात्याचा वारा थोडा जास्त झाला आणि लक्ष दुसरीकडे गेलं की धारेची बारीक कड तारे सोडायला लागते. तेवढा भाग मग जळाला, कापून टाकायचा. हा हात वर्षानुवर्षं बसून येतो. संध्याकाळी दोन तास मिळणाऱ्या माणसाला गॅस बरा. पेटवला की दहा-पंधरा मिनिटांत भट्टी तयार होते आणि आत उष्णता बऱ्यापैकी सारखी पसरते.

गॅसभट्टी स्वतः करता येते. अडीचशे मिलिमीटर व्यासाचा जाड नळ किंवा जुन्या टाकीचा तुकडा घ्या, लांबी ३५० मिलिमीटर. आतून २५ मिलिमीटर जाडीच्या सिरॅमिक ब्लँकेटचे, म्हणजे उष्णता रोखणाऱ्या तंतूंच्या गादीचे, दोन थर लावा. १२६० अंश सोसणारी, १२८ घनतेची (घनमीटरला १२८ किलो) ब्लँकेट मागा. आत साधारण दीडशे मिलिमीटरची पोकळी उरते, म्हणजे सहा लिटरच्या आसपास. तेवढ्याला पाऊण इंची एक व्हेंच्युरी बर्नर (गॅसच्या झोतानेच हवा ओढून घेणारा, पंखा न लागणारा) पुरतो. तो नळाच्या कडेने तिरका बसवा, म्हणजे ज्योत आत गोल फिरेल आणि पात्यावर थेट आदळणार नाही. नळाची दोन्ही टोकं उघडी ठेवा आणि इन्सुलेशन विटा सरकवून हवं तेवढंच तोंड मोकळं करा. लांब कोयता मग आरपार पुढेमागे हलवता येतो.

ब्लँकेट उघडी ठेवून भट्टी कधीही पेटवू नका. तिचे तंतू बारीक असतात, हवेत उडतात आणि फुफ्फुसात जाऊन बसतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या तंतूंना कर्करोग संभवणाऱ्या पदार्थांच्या यादीत ठेवलं आहे. उच्च तापमानाला ती ब्लँकेट आणखी ठिसूळ होते. म्हणून आधी सिलिकाचं द्रावण शिंपडून ती कडक करा आणि वर उच्च ॲल्युमिनाच्या कास्टेबलचा (आग सोसणाऱ्या सिमेंटचा) सेंटिमीटरभर लेप द्या. लेप सावकाश वाळवा, मग थोड्या थोड्या वेळासाठी भट्टी पेटवून पक्का करा. ब्लँकेट कापताना चांगला मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि काम झालं की आंघोळ. पुढे कधी तुम्ही दोन पोलादं जोडायला टाकणखार वापराल. तो वितळून उघडी ब्लँकेट लोण्यागत खातो, लेपाला मात्र बराच काळ दमवू शकत नाही.

सिलिंडर व्यावसायिक, १९ किलोचाच घ्या. घरगुती सिलिंडर स्वयंपाकासाठी दिलेला असतो, तो भट्टीला लावणं बेकायदा आहे. शिवाय घरगुती शेगडीचा रेग्युलेटर फार कमी दाबाचा असतो, त्यावर व्हेंच्युरी बर्नर चालतच नाही. दाब कमीजास्त करता येणारा उच्च दाबाचा रेग्युलेटर आणि त्याच दाबाची नळी घ्या. सिलिंडर शेडच्या बाहेर, सावलीत, उभा. प्रत्येक वेळी जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. लांब काम चाललं की सिलिंडरच्या अंगावर दव आणि पुढे बर्फ धरतो आणि दाब पडतो, कारण आतला द्रव वाफ होताना स्वतःची उष्णता घालवत असतो. तेव्हा सिलिंडर आडवा करणं, हलवणं किंवा गरम पाण्यात ठेवणं असले उपाय करू नका. काम थांबवा, त्याला पुन्हा हवेच्या तापमानाला येऊ द्या.

भट्टीत जस्त चढवलेलं काही जाऊ देऊ नका. जीआय पाइप, पांढरे चकचकीत नटबोल्ट. जस्त ९०७ अंशांना उकळतं, घडाईचं तापमान त्याच्या वर असतं. तो पांढरा धूर छातीत गेला की काही तासांत थंडीताप भरतो.

ऐरण. नवी चांगली पोलादी ऐरण महाग आहे. स्वस्तात मिळतात त्यातल्या बऱ्याच बिडाच्या असतात. हातोडा चुकून कडेवर बसला की कड तुटते आणि घाव दिला तर हात दुखतो, कारण बीड घाव परत देत नाही. त्यापेक्षा कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्याकडे भोसरीत भरीव गोल सळईचे उरलेले तुकडे शोधा. दीडशे मिलिमीटर व्यासाचा, चारशे मिलिमीटर लांबीचा तुकडा सुमारे ५५ किलो भरतो. तो आडवा ठेवू नका, उभा करा. घाव सगळ्या लांबीत खाली जातो आणि तेवढ्याच वजनाच्या आडव्या ऐरणीपेक्षा तो घट्ट लागतो. वरचं तोंड खरादावर सपाट करून घ्या, एका बाजूची कड किंचित गोल, दुसरी धारदार. पारख करायची तर बेअरिंगची गोळी फूटभर उंचीवरून सोडा. ती चांगली उसळून वर यायला हवी, धप्पकन बसली तर तुकडा मऊ आहे.

रेल्वेच्या रुळाचा तुकडा भंगारात मिळतो म्हणून लगेच उचलू नका. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणं १९६६ च्या कायद्याखाली गुन्हा आहे. लिलावाची पावती हातात नसेल तर तो तुकडा तुमच्या शेडमध्ये नको. एवढ्यासाठी पोलिस ठाण्याच्या पायऱ्या कशाला चढायच्या?

ऐरणीची उंची महत्त्वाची. ताठ उभं राहून हात सैल सोडा, मूठ बंद करा. मुठीच्या बोटांची गाठ जिथे येते तिथे ऐरणीचा माथा यावा. त्यापेक्षा खाली असेल तर कंबर मोडते, वर असेल तर घाव कमजोर पडतो. बाभळीचा ओंडका जमिनीत हात-दीड हात गाडा किंवा जाड लाकडी पेटीत वाळू भरून तीवर ऐरण बसवा. वाळूने आवाजही कमी होतो. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे दहा ते सहा. शेजाऱ्यांशी आधी बोलून ठेवा, रविवारी दुपारी वामकुक्षीच्या वेळी घाव घालू नका.

हातोडा किलो-सव्वा किलोचा, तोंड किंचित फुगीर. सपाट तोंडाच्या नव्या हातोड्याची कड पात्यात चंद्रकोरी खुणा पाडते आणि त्या घासून काढता काढता जाडी निघून जाते. सांडशी मात्र विकत घेऊ नका. गावच्या लोहाराकडे जा, तुमच्या पोलादाची जाडी सांगा आणि दोन-तीन सांडशी करून घ्या. पात्याला घट्ट न बसणारी सांडशी म्हणजे लाल तुकडा हवेत उडणार. करून घेताना त्याच्या शेजारी बसा. घाव कुठे पडतो, लोखंड कधी परत आगीत जातं, नांगराचा फाळ पाजवताना तो रंग कुठल्या कोनातून बघतो हे डोळ्यांनी बघा. त्याच्या वेळेचे पैसे द्या.

एक जड शेगडा, म्हणजे काम घट्ट धरणारा व्हाइस, पक्क्या टेबलाला बसवा. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा जुन्या बाजारात जुने जड शेगडे आणि चांगल्या कानशी मिळतात. जमिनीपर्यंत पाय असलेला शेगडा मिळाला तर तोच, कारण त्यावर गरम काम वाकवता येतं.

पोलाद. सुरुवातीला एकच पोलाद धरा आणि त्याच्याशी ओळख करा. इथे आपल्याकडे सोपं आणि चांगलं पोलाद म्हणजे गाडीच्या स्प्रिंगचा पाटा. पण पाटा म्हणजे सगळा सारखाच माल नव्हे. काही पाटे ईएन ४५ सारख्या सिलिकॉन जास्त असलेल्या पोलादाचे असतात, काही क्रोमियम आणि मँगनीज असलेल्या एसयूपी ९ चे. कार्बन दोन्हीत साधारण अर्धा ते पाऊण टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी. घडवताना दोन्ही सारखेच वाटतात. पाणी देताना वेगळे वागतात, कारण सिलिकॉनवाल्याला जास्त ताप लागतो. शिवाय वापरलेल्या पाट्यात, विशेषतः मधल्या बोल्टच्या भोकाजवळ, थकव्याच्या बारीक भेगा असतात. त्या भागाचा इंचभर तुकडा टाकून द्या. त्यापेक्षा पाटे बनवणाऱ्या किंवा दुरुस्त करणाऱ्या कारखान्यातून नव्या पट्टीचे उरलेले तुकडे मागा आणि ग्रेड विचारून खडूने लिहून ठेवा. बांधकामाच्या सळईत कार्बन कमी असतो, तिची पाती करण्यात वेळ घालवू नका. बेअरिंगचं ईएन ३१ सुरीसाठी फार चांगलं, कार्बन एक टक्क्याच्या घरात. पण ते ठरलेल्या तापमानाला काही मिनिटं धरून ठेवावं लागतं. उघड्या भट्टीत हे जमत नाही, म्हणून ते नंतर कधीतरी.

आता ज्यासाठी हे सगळं, ते पाणी देणं.

भट्टीतून तेलापर्यंतचं अंतर एका वळणाचं असलं पाहिजे. बारीक धारेचं पातं हवेत काही सेकंदांत रंग सोडतं, रंग सोडला की पाणी चढत नाही. म्हणून भट्टी, ऐरण आणि तेलाची टाकी त्रिकोणात, जागच्या जागी वळून हात पोचेल अशी. वाटेत काहीही नाही, पायात वायर नाही. रिकाम्या सांडशीने चार वेळा फेरी करून बघा.

टाकी जाड पत्र्याची, झाकणासह. प्लास्टिकची बादली कधीही नाही. कोयत्याला बाक असतो, म्हणून उभ्या नळापेक्षा लांबट आडवी टाकी सोयीची. पंधरा लिटर तरी तेल हवं. शेंगदाण्याचं किंवा मोहरीचं चालतं. इंजिनाचं जळकं तेल फुकट मिळतं, पण त्याच्या धुरात जड धातू आणि काय काय असतं, ते नको. तेल ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट करा. त्यासाठी एक तापलेला लोखंडाचा ठोकळा त्यात सोडायचा. थंड तेल घट्ट असतं आणि पात्याभोवतीची वाफेची पिशवी लवकर मोडत नाही. पावसाळ्यात प्रत्येक वेळी टाकीच्या तळाशी पाणी साचलंय का बघा. पत्र्याच्या शेडला गळती असतेच. तळातलं पाणी तापून त्याची वाफ झाली की वरचं तेल उसळून बाहेर येतं, आणि शेजारी भट्टी जळत असते. पातं बुडवताना पूर्ण बुडवा. अर्धं बाहेर राहिलं तर तिथे तेल पेटतं. पेटलं तर पातं आत ढकला, झाकण घाला. त्यावर पाणी ओतू नका.

तापमान ओळखायच्या चार खुणा आहेत आणि चारही वापरा. पहिली चुंबक. साधारण ७७० अंशांना लोखंड चुंबकाला चिकटायचं थांबतं. भट्टीच्या तोंडाशी तारेला चुंबक टांगून ठेवा. पण इथेच थांबून तेलात घातलं तर पाट्याचं पातं अर्धवट कडक होतं. दुसरी मीठ. घरातलं साधं मीठ ८०१ अंशांना वितळतं. पात्यावर चार दाणे टाकले आणि ते पाण्यासारखे पसरून चकाकले की तो टप्पा ओलांडला. हे तालमीच्या तुकड्यावर करा, नंतर मीठ धुऊन टाका, गंज लवकर धरतो.

तिसरी खूण सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात खरी. भट्टीचा दाब कमी करा, शेड अंधारी करा आणि पातं सावकाश तापवा. लाल झाल्यावर एका क्षणी पात्याच्या आत ढगांच्या सावल्या हलल्यासारख्या काळसर छटा दिसतात. पोलादाच्या आतली रचना बदलते आहे आणि त्यासाठी ते उष्णता गिळतं आहे, म्हणून तेवढा भाग मागे पडल्यासारखा दिसतो. बारीक कडेपासून सावली पाठीकडे सरकत जाते आणि मग पुसली जाते. ती पूर्ण पुसली गेली म्हणजे सगळं पातं बदललं. त्यानंतर एसयूपी ९ सारख्या पाट्याला अजून थोडा ताप द्या, ८३० ते ८५० च्या आसपास. सिलिकॉनवाल्याला त्याहून बराच जास्त, ८७० ते ९०० पर्यंत. पातं बाहेर काढून हवेत धरलं तर उलटं दिसतं. विझत चाललेला रंग एका जागी क्षणभर पुन्हा उजळतो. दोन्ही बाजूंनी हे वारंवार बघितलं की डोळा तयार होतो.

चौथी खूण म्हणजे के टाइप थर्मोकपल (भट्टीतला ताप मोजणारी तार) आणि त्याचा आकडे दाखवणारा कंट्रोलर. माझ्या मते भट्टीनंतर पैसे खर्च करायची पहिली वस्तू हीच, ग्राइंडरच्या कितीतरी आधी. भट्टीत साध्या लोखंडी नळाचा, जस्त न चढवलेला, एका टोकाला बंद केलेला तुकडा आडवा ठेवा. थर्मोकपलचं टोक त्या नळात. सुरीही त्या नळात. ज्योत थेट लागत नाही, नळ चहूबाजूंनी सारखा तापतो, आणि उघड्या भट्टीतल्या गडबडीपेक्षा ताप खूपच आवरता येतो.

आता तुकड्यांवर सराव करा. पाट्याच्या पातळ पट्ट्या कापा. एक चुंबक सुटताच तेलात, दुसरी सावली पुसल्यावर थोडा ताप देऊन, तिसरी मुद्दाम पिवळी करून. थंड झाल्यावर कानस फिरवा. कडक झालेल्यावर कानस काचेवरून घसरावी तशी घसरते, चावत नाही. मग शेगड्यात धरून, डोळ्यांना चष्मा आणि वर फडकं घालून, पट्ट्या मोडा आणि तुटलेली कड भिंगातून बघा. पिवळी केलेली पट्टी साखरेसारखी दाणेदार, चमकणारी तुटते. ती धार ठिसूळ होते आणि पहिल्याच दगडाला तिची कपची उडते. बरोबर तापलेली मळकट करडी, मऊ दिसणारी, दाणा न दिसणारी तुटते. हा दाणा एकदा बघितलेला माणूस पातं जास्त तापवायला आपोआप बिचकतो. नवा पाटा आणला की नव्या पट्ट्या मोडा. घडाईनंतर पाणी देण्याआधी पातं तीन वेळा त्या सावलीच्या थोडं पुढे तापवून हवेत सोडा, प्रत्येक वेळी काळं होईपर्यंत. घडताना वाढलेला दाणा त्यात बारीक होतो आणि पातं तेलात वाकण्याचं प्रमाणही कमी होतं. पाणी देण्याआधी धार अर्धा-पाऊण मिलिमीटर जाड ठेवा. त्याहून पातळ केली की ती लाटेसारखी वळते.

तेलातून काढलेलं पातं हाताला सोसेल इतकं कोमट झालं की लगेच उतरवायला, म्हणजे हलका ताप देऊन ठिसूळपणा काढायला, घ्या. उद्यावर टाकू नका, रात्रीत ते आपोआप तडकू शकतं. जुना ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) त्यासाठी आणा, पण घरातला स्वयंपाकाचा नको. त्याचा आकडा खरा धरू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. सुरीसाठी २०० अंशांच्या आसपास दोन तास, थंड करून पुन्हा दोन तास. घासून पांढऱ्या केलेल्या जागी फिकट गवती पिवळा रंग येतो.

कोयत्याचं शास्त्र वेगळं. ऊस जमिनीलगत तोडतात, म्हणून कोयता रोज मातीवर, दगडावर आदळतो. आणि तोडकरी बाई-माणूस फडातच कानशीने त्याला धार लावतं. त्यामुळे कोयत्याची धार कानस चावेल एवढीच कडक हवी. सुरीइतका कडक कोयता पहिल्या आठवड्यात कपच्या टाकेल आणि फडात त्याला धारही लावता येणार नाही. म्हणून ओटीजीतून काढल्यावर पाठीला गॅसच्या टॉर्चने निळा रंग येईपर्यंत तापवा, धारेकडे तांबूस-तपकिरी झाक येऊ द्या. पाठ लवचीक, धार पाजवता येण्याजोगी. ज्यांच्यासाठी करताय त्यांच्या हातात दोन कोयते देऊन एक हंगाम वापरायला सांगा. त्यांचं म्हणणं वहीत लिहा, पाट्याचा ग्रेड आणि रंगही त्याच ओळीत.

घासकामावर फार लिहीत नाही, कारण त्यावर माहिती भरपूर आहे. पहिली काही पाती कानशीनेच करा. पातं एका कोनात धरून कानस सरकवायची साधी चौकट घरी करता येते. ग्राइंडर घ्याल तेव्हा ५० बाय १८३० मिलिमीटर बेल्टचाच घ्या, त्याचे बेल्ट मिळतात. दोन हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटर, आणि घरच्या सिंगल फेजवर चालण्यासाठी व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं विजेचं यंत्र). वेग कमी करता येतो हा त्याचा खरा फायदा, पाणी दिलेलं पातं सावकाश घासायला. व्हीएफडी बंद डब्यात ठेवा, लोखंडाची भुकटी आत गेली की तो मरतो. वेगळी लाइन, चांगलं अर्थिंग, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच) यात काटकसर नको. पाणी दिल्यावर हातमोजे न घालता घासा आणि दर फेरीला पाण्यात बुडवा. बोटाला चटका बसला तर पात्यालाही बसतोय हे कळतं. धारेवर निळं आलं तर तिथला कडकपणा गेला. ठिणग्या आणि मुठीच्या लाकडाचा भुसा एकाच पिशवीत साचू देऊ नका, पेटतो. आणि पॉलिशचं कापडी चाक सगळ्या यंत्रांत धोकादायक. ते पात्याची कड पकडतं आणि पातं तुमच्याकडेच फेकतं. जमलं तर घेऊच नका, हाताने कागद घासा.

मुठीला बाभूळ, शिसव, म्हशीचं शिंग उत्तम. शिसवाचा भुसा अनेकांना बाधतो, मास्क लावा. सांबरशिंग कितीही सुरेख दिसलं आणि कोणी फुकट दिलं तरी नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते बसतं, गळून पडलेलं असलं तरी.

कायद्याचं आणखी एक. घरगुती आणि शेतीच्या कामाची हत्यारं शस्त्र कायद्याच्या धारदार शस्त्रांच्या व्याख्येतून वगळली आहेत. तलवार, खंजीर, किंवा नऊ इंचांपेक्षा लांब वा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची तशी शस्त्रं त्यात येतात. कोयता शेतीचा आहे, पण तो कोणाला विकताय हे वहीत नोंदवा, अनोळखी पोराने एकदम चार मागितले तर देऊ नका. तलवारीची ऑर्डर आली तर आधी पोलिस ठाण्यात विचारा.

कोकणाइतका नसला तरी तुमच्याकडेही पावसाळा दमट. पात्यांना, ऐरणीला आणि शेगड्याला तेलाचा हात द्या, सुरीला खोबरेल चालतं. मोजपट्ट्या आणि कानशी बंद डब्यात.

पहिल्या खर्चाचा क्रम असा धरा. भट्टी आणि रेग्युलेटर, थर्मोकपल, तेलाची टाकी, ऐरणीचा तुकडा, दोन सांडशी, शेगडा, चार कानशी, चष्मा, मास्क, कानाचे बोळे, सुती कपडे आणि बंद बूट. नायलॉनचा टी-शर्ट आगीपाशी नाही. कोयत्याने सुरुवात करू नका, त्याची लांबी सारखी तापवणं अवघड. चार इंची पात्याची भाजीची सुरी करा. तीही आधी मोडायच्या पट्ट्यांचा ढीग झाल्यावर.